पदवीनंतरची दोन वर्षे

आपल्या वसतिगृहातून शिकून बाहेर पडलेल्या मुलामुलींची नावे एकत्र वाचताना आम्हां माजी विद्यार्थ्यांचे मन भरून येते. कोणी शिक्षक झाले, कोणी परिचारिका, कोणी पोलीस दलात गेले, कोणी बँकेत लागले. गेल्या काही वर्षांत या यादीत अभियंत्यांची संख्या वाढू लागली आहे. ज्यांच्या आईवडिलांनी उन्हाळ्यात हळद काढण्याची आणि पावसाळ्यात सोयाबीन निंदण्याची मजुरी केली, त्यांची मुले आज बी. ई. आणि बी. टेक. झाली, ही लहान गोष्ट नव्हे. तरीही ही नावे वाचताना आमच्या मनात एक प्रश्न उभा राहतो. या अभियंत्यांपैकी पदवीच्या पुढे किती जण गेले? एम. टेक. किती जणांनी केले? संशोधनाकडे कोण वळले? यादीचा हा भाग अजून फार विरळ आहे.

बुद्धी कमी पडली म्हणून हे घडले, असे आम्ही मानीत नाही. पदवीचा निकाल लागतो त्या दिवसापासून घर त्या मुलाकडे कमावता म्हणून पाहू लागते. बहिणीचे लग्न, घरावरचे पत्रे, बियाण्यांची उधारी, अशी सर्व थकलेली कामे त्याच्या पहिल्या पगाराची वाट पाहत असतात. अशा वेळी ‘अजून दोन वर्षे शिकतो’ हे वाक्य उच्चारण्यास धैर्य लागते. ते उच्चारले तरी ‘पैसा कोठून आणणार?’ या प्रश्नाला उत्तर द्यावे लागते. ते उत्तर आज उपलब्ध आहे, परंतु आपल्या घरांपर्यंत पोहोचलेले नाही. जेथे पोहोचले आहे तेथे ते वेळेवर मिळत नाही. या दोन गोष्टींविषयी आम्ही येथे लिहीत आहोत. आपल्या शाळेच्या परिवाराने याबाबतीत काय करावे, याविषयीचे आमचे मतही शेवटी मांडणार आहोत.

प्रथम थोडे मागे पाहू. १९१३ साली बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी बाबासाहेबांना अमेरिकेतील उच्च शिक्षणासाठी शिष्यवृत्ती दिली. दरमहा साडेअकरा पौंड आणि मुदत तीन वर्षे, असे तिचे स्वरूप होते. तिच्यासोबत एक करारही होता. शिक्षण संपल्यावर बडोदा संस्थानाची दहा वर्षे नोकरी करावयाची, असे त्यात ठरले होते. बाबासाहेबांच्या कोलंबिया विद्यापीठातील शिक्षणाची गोष्ट आपल्या प्रत्येक जयंतीला सांगितली जाते. त्या गोष्टीचा उत्तरार्ध मात्र आपण घाईने उरकतो. १९१६ साली ते लंडनला गेले, तेथे शिक्षण सुरू झाले आणि १९१७ साली शिष्यवृत्तीची मुदत संपली. अभ्यास अर्धवट टाकून त्यांना मायदेशी परतावे लागले. कराराप्रमाणे ते बडोद्यास नोकरीवर रुजू झाले, तेव्हा त्या शहरात त्यांना राहावयास जागा मिळाली नाही. पुढे मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापकी करून त्यांनी पैसा साठवला. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी मदत केली, नवल भथेना या मित्राने पाच हजार रुपये उसने दिले आणि १९२० साली ते पुन्हा लंडनला जाऊ शकले.

या इतिहासात आजच्या विद्यार्थ्याच्या उपयोगाची एक अगदी व्यावहारिक गोष्ट आहे. जगातील थोर बुद्धिमत्तेचा अभ्याससुद्धा पैशाची मुदत संपताच तीन वर्षे थांबला. तो पुन्हा सुरू झाला तो स्वतःची बचत, एका राजाचे साहाय्य आणि एका मित्राची उसनवारी या तिन्हींच्या बळावर. शासनाची किंवा संस्थानाची शिष्यवृत्ती जेथे संपते अथवा उशिरा पोहोचते, तेथे जवळच्या माणसांनी उभे राहावे लागते.

दुसरी गोष्ट १९४२ सालची. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याची जबाबदारी स्वीकारल्यानंतर त्याच वर्षी बाबासाहेबांनी लॉर्ड लिनलिथगो यांना अस्पृश्य वर्गाच्या गाऱ्हाण्यांचे निवेदन सादर केले. त्यातील शिक्षणविषयक भाग आपण सर्वांनी मुद्दाम वाचावा असा आहे. केवळ कला आणि कायद्याच्या पदव्यांनी आपल्या वर्गाचे फारसे हित होणार नाही, खरा उपयोग विज्ञान आणि तंत्रविद्येच्या उच्च शिक्षणाचा होईल आणि त्याचा खर्च आपल्या लोकांच्या आवाक्याबाहेरचा असल्याने तो सरकारने उचलावा, असा त्यांचा युक्तिवाद होता. वर्षाकाठी एकूण तीन लाख रुपयांची तरतूद त्यांनी मागितली. देशात विज्ञान-तंत्रविद्या शिकणाऱ्यांसाठी आणि परदेशी विद्यापीठांत जाणाऱ्यांसाठी ती होती. १९४४ साली सुरू झालेली आणि आज ‘मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती’ म्हणून आपल्याला ठाऊक असलेली योजना याच प्रयत्नांतून उभी राहिली.

या मागणीला ऐंशीहून अधिक वर्षे झाली. आपण पदवीपर्यंत पोहोचलो, हे तिचे अर्धे यश. उरलेले अर्धे पदव्युत्तर शिक्षणात आहे. यंत्र चालविणारा अभियंता आणि यंत्राची रचना करणारा अभियंता यांच्यात जे अंतर असते ते बहुधा याच दोन ते सहा वर्षांत पडते. अभियांत्रिकी महाविद्यालयात प्राध्यापक व्हावयाचे असेल, राष्ट्रीय प्रयोगशाळेत काम करावयाचे असेल, एखाद्या उद्योगाच्या संशोधन विभागात शिरावयाचे असेल, तर हाच रस्ता आहे. आपल्या मुलांना शिकविणाऱ्यांत आणि त्यांची निवड करणाऱ्यांत आपली माणसे कमी का, असे आपण विचारतो. त्याच्या उत्तराचा एक भाग येथे सापडतो.

आणि हा प्रश्न आता दूरच्या शहरांचा राहिलेला नाही. आपल्याच औंढा नागनाथ तालुक्यात ‘लायगो-इंडिया’ ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभी राहावयाची आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने फेब्रुवारी २०१६ मध्ये तिला तत्त्वतः मान्यता दिली आणि एप्रिल २०२३ मध्ये सुमारे २,६०० कोटी रुपयांच्या खर्चासह बांधकामास मंजुरी दिली. अशा दोन वेधशाळा अमेरिकेत आहेत. परस्परांना काटकोनात असलेल्या चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन निर्वात नळ्या, त्यांच्या टोकांशी टांगलेले आरसे आणि त्यांमध्ये धावणारा लेसर किरण, अशी तिची रचना असते. प्रोटॉनच्या व्यासाच्या दहा हजाराव्या हिश्शाहूनही सूक्ष्म हालचाल तिला टिपावयाची असते. निर्वात तंत्रज्ञान, लेसर, नियंत्रण प्रणाली, भूकंपरोधक पाये, संगणकीय विदा अशा अनेक शाखांचे अभियंते तेथे लागतील, आणि त्यांतील बहुतेकांकडे पदव्युत्तर शिक्षण असेल. हिंगोली हा १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झालेला, उद्योगधंद्यांचा फारसा आधार नसलेला जिल्हा. जगाचे लक्ष वेधणारी प्रयोगशाळा त्याच्या मातीत येत असताना आपली मुले तिच्या फाटकावर पहारेकरी म्हणून उभी राहणार की आत नियंत्रण कक्षात बसणार, हे आज बारावीत असलेल्या मुलांच्या पुढील आठ वर्षांवर अवलंबून आहे.

आता पैशाच्या व्यवस्थेविषयी. पुष्कळ पालकांना अजूनही वाटते की, जसजसे शिक्षण वर जाते तसतसा खर्च वाढत जातो. अभियांत्रिकीत पदवीनंतर याच्या उलट घडू शकते. ‘गेट’ ही राष्ट्रीय पात्रता परीक्षा देऊन एखाद्या आय. आय. टी., एन. आय. टी. किंवा अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेची मान्यता असलेल्या संस्थेत एम. टेक.ला प्रवेश मिळविणाऱ्या पात्र विद्यार्थ्यास दरमहा १२,४०० रुपये विद्यावेतन मिळते. त्याची कमाल मुदत २४ महिने. म्हणजे दोन वर्षांत २,९७,६०० रुपये. परीक्षेचे अर्ज साधारणतः ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये निघतात, परीक्षा फेब्रुवारीत होते, निकाल मार्चमध्ये लागतो आणि मिळालेले गुण तीन वर्षे चालतात. अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवारांना आणि सर्व मुलींना निम्मे शुल्क भरावे लागते. पदवीच्या तिसऱ्या वर्षापासूनच ही परीक्षा देता येते, ही गोष्ट आपल्या किती मुलांना ठाऊक आहे?

पुढे पीएच. डी.चा टप्पा. केंद्र सरकारने १ जानेवारी २०२३ पासून कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती दरमहा ३७,००० आणि वरिष्ठ ४२,००० रुपये केली. पंतप्रधान संशोधन अधिछात्रवृत्ती २०१८ साली सुरू झाली. तिच्यात पहिली दोन वर्षे दरमहा ७०,००० रुपयांची तरतूद असून पुढे ती ८०,००० पर्यंत वाढते. आपल्या राज्यात पुण्याची बार्टी ही संस्था अनुसूचित जातीच्या संशोधकांना बाबासाहेबांच्या नावे अधिछात्रवृत्ती देते. हे आकडे आम्ही मोहात पाडण्यासाठी लिहीत नाही. या जागा मर्यादित असतात आणि स्पर्धा कठीण असते. परंतु ‘पुढे शिकणे म्हणजे बापाच्या डोक्यावर आणखी कर्ज’ ही समजूत किती अपुरी आहे, ते यावरून दिसून यावे.

या विद्यावेतनाचे स्वरूपही पालकांनी समजून घेतले पाहिजे. ही भिक्षा नव्हे आणि बक्षीसही नव्हे. एम. टेक.च्या विद्यार्थ्याने त्याबदल्यात आठवड्याला साधारण आठ तास विभागाचे काम करावयाचे असते. पदवीच्या मुलांचे प्रात्यक्षिक घेणे, त्यांच्या वह्या तपासणे, शंका सोडविणे, प्रयोगशाळेतील उपकरणे सांभाळणे, हे ते काम. त्यालाच अध्यापन साहाय्य किंवा रूढ शब्दात ‘टीचिंग असिस्टंटशिप’ म्हणतात. आमच्यापैकी एकाने हे काम केले आहे. पहिल्या दिवशी प्रयोगशाळेत वीस मुले ‘सर’ म्हणून उठून उभी राहिली, तेव्हा तो दाराकडे वळून मागे कोणी आले आहे काय, हे पाहू लागला. त्याच्या घराण्यात तोवर कोणालाही कोणी ‘सर’ म्हटले नव्हते. महिनाभरानंतर त्याच्या ध्यानात आले की, जे आपण पदवीला पाठ करून उत्तीर्ण झालो होतो ते शिकविताना प्रथमच समजू लागले आहे. अशा साहाय्यकपदाचा हा लाभ कोणत्याही आकड्यात मांडता येत नाही.

परंतु त्याच मित्राची दुसरी हकिकतही सांगितली पाहिजे. त्याचा प्रवेश जुलैमध्ये झाला. संस्थेतील नोंदणी, बँक खात्याची आधारजोडणी, हजेरीची पडताळणी, एका कागदावरील नावातील एका अक्षराचा फरक, असे करता करता पहिले विद्यावेतन हातात पडावयास फेब्रुवारी उजाडला. मिळाले ते मागील थकबाकीसह मिळाले, हे खरे. पण मधल्या सात महिन्यांत खाणावळ थांबत नाही आणि खोलीचे भाडेही थांबत नाही. वडिलांनी गावात शेकडा तीन रुपये व्याजाने पैसे काढले. विद्यावेतन आले तेव्हा त्याचा मोठा भाग सावकाराकडे गेला. हे विद्यावेतन घेताना दुसरे वेतन किंवा दुसरे विद्यावेतन घेण्यास मनाई असते, म्हणून शिकवणीसारखे एखादे काम उघडपणे धरणेही त्याला शक्य नव्हते. त्याच्याच वर्गातील एक हुशार मुलगा दिवाळीला गावी गेला तो परत आलाच नाही.

आमच्या मते आजच्या प्रश्नाचा गाभा येथे आहे. योजना आहेत. परंतु प्रवेशाचा दिवस आणि पहिल्या हप्त्याचा दिवस यांच्यामध्ये जे अंतर पडते ते सधन घरातला मुलगा सहज ओलांडतो आणि आपला मुलगा त्यात बुडतो. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीची रक्कम आता थेट विद्यार्थ्याच्या खात्यात येते, ही चांगली गोष्ट. मात्र अनेक ठिकाणी महाविद्यालय शुल्क आधी मागते आणि पैसे नंतर येतात. तिच्यातील निर्वाहभत्ता तर अभियांत्रिकीसारख्या अभ्यासक्रमासाठी वसतिगृहात राहणाऱ्यास वर्षाला १३,५०० रुपये इतकाच आहे. बाहेर खोली घेऊन राहणाऱ्यांसाठी राज्याची स्वाधार योजना आहे, पण तिचाही हप्ता वेळेवर येईलच, या भरवशावर खाणावळवाला उधारी देत नाही. बार्टीच्या अधिछात्रवृत्तीसाठी संशोधक विद्यार्थ्यांना २०२३ साली मुंबईच्या आझाद मैदानावर दिवसच्या दिवस बसावे लागले, हे आपण वृत्तपत्रांत वाचले आहे. ज्यांनी प्रयोगशाळेत बसावयाचे त्यांनी मैदानात बसावे, ही शोभणारी गोष्ट नव्हे.

शासनाकडे आमची मागणी स्पष्ट आहे. १२,४०० ही रक्कम सुमारे दहा वर्षे तशीच आहे. या काळात खाणावळीचा डबा आणि खोलीचे भाडे तेथेच थांबले आहे काय? संशोधन अधिछात्रवृत्ती वाढली, एम. टेक.चे विद्यावेतन मात्र मागे राहिले. उलट सप्टेंबर २०१९ मध्ये आय. आय. टी. परिषदेने एम. टेक.चे शुल्क पदवीच्या शुल्काइतके वाढविण्याचा आणि हे विद्यावेतन बंद करण्याचा विचार पुढे आणला, तेव्हा विद्यार्थ्यांना त्याविरुद्ध उभे राहावे लागले. मुले अभ्यासक्रम अर्धा सोडून नोकरीस जातात, हे कारण त्या वेळी दिले गेले. ती का जातात, याचा विचार त्याआधी व्हावयास हवा होता. ज्याला दरमहा घरी पैसे पाठवावे लागतात तो मधेच चालून आलेली नोकरी नाकारू शकत नाही. विद्यावेतन महागाईशी जोडावे आणि प्रवेशानंतर एका महिन्यात पहिला हप्ता द्यावा, एवढे झाले तरी वर्ग सोडून जाणाऱ्यांची संख्या कमी होईल, असे आम्हांस वाटते.

येथे पालकांच्या दोन शंकांना उत्तर देणे आवश्यक आहे. ‘मिळत असलेली नोकरी सोडून एम. टेक. कशाला?’ असे आम्हांला पुष्कळदा विचारले जाते. आम्ही प्रत्येकाला एम. टेक. करा असे सांगत नाही. घर खरोखरच अडचणीत असेल तर नोकरी धरावी, त्यात कमीपणा नाही. गेटचे गुण तीन वर्षे जिवंत असतात, तेव्हा वर्षभर कमवून मग जाता येते. तसेच ‘गेट’ न देता, विद्यावेतन न मिळता, केवळ पदवीला आणखी एक पदवी जोडावी म्हणून कोठेही प्रवेश घेऊन कर्ज काढणे आम्हांस मुळीच मान्य नाही. त्यापेक्षा एक वर्ष अभ्यास करून पुन्हा परीक्षा द्यावी. दुसरी शंका मुलींविषयी असते. मुलाला दोन वर्षे देण्यास कसेबसे तयार होणारे घर मुलीच्या बाबतीत ‘आता स्थळ पाहू’ म्हणते. स्वतःच्या विद्यावेतनावर शिकणारी मुलगी घरावर भार नसते. तिच्या वाट्याची ही दोन वर्षे कापून घेण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला, हे प्रत्येकाने स्वतःला विचारावे.

परदेशाविषयीही थोडे लिहितो, कारण अलीकडे एजंटांचे फलक आपल्या तालुक्यांच्या गावांपर्यंत येऊन पोहोचले आहेत. अनुसूचित जातींसाठी केंद्राची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती १९५४-५५ पासून चालू आहे. तिच्या १२५ जागांपैकी ११५ अनुसूचित जातींसाठी आहेत. राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती ७५ विद्यार्थ्यांना मिळते. अटी आणि विद्यापीठांच्या क्रमवारीची मर्यादा वेळोवेळी बदलत असल्याने त्या त्या वर्षीची जाहिरात स्वतः वाचावी. अमेरिकेतील विद्यापीठांत साहाय्यकपद मिळाले तर शिकवणी शुल्क माफ होऊन वर मासिक वेतनही मिळते. मात्र अशी पदे प्रामुख्याने पीएच. डी.च्या विद्यार्थ्यांना मिळतात, मास्टर्सच्या विद्यार्थ्यांना कमी. विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना विद्यापीठाच्या आवारात आठवड्याला वीस तासांहून अधिक काम करता येत नाही. म्हणून ‘तेथे गेल्यावर काम करून फेडता येईल’ या एजंटाच्या शब्दावर शेत गहाण टाकू नये, ही आमची कळकळीची विनंती. साहाय्यकपदाचे पत्र आधी हातात घ्यावे, मगच तिकीट काढावे.

आता आपण काय करावयाचे, ते सांगतो. आपल्या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांनी ‘पहिल्या सहामाहीचा निधी’ उभारावा, असा आमचा प्रस्ताव आहे. त्याचा हिशेब सोपा आहे. शंभर नोकरदार माजी विद्यार्थ्यांनी दरमहा पाचशे रुपये दिले तर वर्षाला सहा लाख रुपये जमतात. त्यातून दहा विद्यार्थ्यांना दरमहा दहा हजारांप्रमाणे सहा महिने आधार देता येतो. विद्यावेतन सुरू झाल्यावर त्या विद्यार्थ्याने ही रक्कम बिनव्याजी, हप्त्याहप्त्याने परत करावी. पैसा परत येत राहिला की दुसऱ्या वर्षी त्याच निधीतून अधिक मुले शिकतील. निर्णय अर्ज आल्यापासून आठ दिवसांत व्हावा. उशीर हाच रोग असताना औषधही उशिरा देण्यात अर्थ नाही. लाभ घेणाऱ्याचे नाव कोणत्याही फलकावर, सभेत किंवा स्मरणिकेत छापू नये. आपल्या धम्मात दानाला मोठे स्थान आहे, पण घेणाऱ्याची मान खाली जाईल असे देणे त्यात बसत नाही. हिशेब मात्र दरवर्षी सर्वांसमोर मांडावा.

दुसरे काम पैशाशिवायचे आहे. जे एम. टेक. किंवा पीएच. डी. करून आले आहेत त्यांनी वर्षातून दोन रविवार शाळेला द्यावेत. दहावी-बारावीच्या मुलांना हा रस्ता सांगावा आणि पदवीच्या तिसऱ्या वर्षातील माजी विद्यार्थ्यांकडून गेटचा अर्ज भरून घ्यावा. तिसरे काम कागदपत्रांचे. जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र, उत्पन्नाचा दाखला, अधिवास, बँक खाते आणि आधार यांवरील नावांची एकसारखी स्पेलिंगे, हे सर्व बारावीपूर्वीच शाळेने तपासून घ्यावे. एका अक्षरापायी सात महिने गेलेले आम्ही पाहिले आहेत.

या प्रस्तावावर मतभेद असतील. ‘हे काम शासनाचे आहे, आपण का करावे?’ असे काही जण म्हणतील. शासनाला त्याच्या कर्तव्यातून सोडावे, असे आम्हीही म्हणत नाही. १९१७ साली थांबलेला अभ्यास १९२० साली सुरू झाला, त्यात शाहू महाराजांच्या मदतीबरोबर एका मित्राचे पाच हजार रुपयेही होते, एवढेच आम्हांस आठवण करून द्यावयाचे आहे. तो मित्र ‘हे बडोदा संस्थानाचे काम आहे’ असे म्हणाला असता तर काय झाले असते?

ज्यांना हा विचार पटला असेल त्यांनी स्मरणिका मिटण्यापूर्वी शाळेच्या कार्यालयात आपले नाव आणि दरमहाची रक्कम कळवावी. येत्या जुलैत आपल्या वसतिगृहाचा कोणी मुलगा किंवा मुलगी एम. टेक.च्या वर्गात पाऊल ठेवील. त्यांच्या पहिल्या महिन्याच्या खाणावळीचे पैसे तोवर जमलेले असावेत.